वाढलेली बांगडी

मुंबईला पोरगी काय काम करते, असं कुणी विचारलं की मी जरा अडखळायची. संजीवनी मात्र चटकन सांगायची, "मावशी, मी अंधाराच्या पुड्या बांधते." विचारणारी बाई हसायची आणि माझ्याकडे बघायची. मी नुसती मान हलवायची, कारण ते खोटं नव्हतं.

आमचं गाव देऊळघाट, बुलढाण्याला लागून. घरी भाजीपाल्याची शेती. संजीवनीचे बाबा, रंगराव, मेथी, पालक आणि सांबार लावतात. सांबार म्हणजे कोथिंबीर. आमच्याकडे तिला दुसरं नाव नाही. मी बुलढाण्याच्या कॉलेजात मराठी घेऊन बी.ए. झाले आणि लग्नानंतर या घरात जुड्या बांधायला शिकले. मला कधी नीट जमलं नाही. संजीवनीचा हात मात्र लहानपणापासून बसलेला. तिनं बांधलेली जुडी बाजारात उतरेपर्यंत सैल होत नसे आणि एक काडी मोडत नसे. तिचे बाबा म्हणायचे, "ही पोट्टी पाण्याचीबी जुडी बांधंन."

खामगावला तिनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि मुंबईच्या एका संशोधन संस्थेत कंत्राटावर लागली. तिथे उपग्रहावर बसवायचं एक यंत्र तयार होत होतं. ताऱ्यांच्याही पलीकडून अतिशय बारीक कण पृथ्वीवर सतत येत असतात, त्यांना वैश्विक किरण म्हणतात. हवेत शिरले की ते मोडतात आणि आपल्यापर्यंत पोचते ती त्यांची चुरी. मूळचा कण कोणता होता, किती जोरानं आला होता, हे मोजायचं तर यंत्र हवेच्या वर न्यावं लागतं. सुट्टीत घरी आली तेव्हा तिनं हे आम्हाला समजावलं. तिच्या बाबांना वेगळीच शंका आली.

"माह्या अंगातूनबी जाऊन राह्यले का ते?"

"हाव बाबा. आत्ताबी जाऊन राह्यले."

"तरी म्हनलं, कंबर काऊन दुखते."

त्या यंत्राच्या बाजूंना खास प्लास्टिकच्या पाट्या होत्या. कण पाटीतून गेला की आत एक चमक उठते. ती आपल्याला दिसत नाही, इतकी क्षीण असते. पाटीच्या टोकाला बसवलेला एक छोटा यांत्रिक डोळा ती टिपतो. त्या डोळ्याला बाहेरचा उजेड मुळीच लागता कामा नये. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून ऊन शिरलं तरी कणाची चमक त्यात बुडून जाते. म्हणून प्रत्येक पाटी काळ्या पापुद्र्यात गुंडाळायची. कापणं आणि गुंडाळणं संजीवनीकडे होतं. कडा चिकटवून बंद करायचं काम समीक्षाकडे. समीक्षा नांदुऱ्याची, संजीवनीहून लहान, तिला ताई म्हणायची.

गुंडाळलेल्या पाटीची परीक्षाही या दोघीच घ्यायच्या. एक पाटी वर, एक खाली आणि मध्ये तपासायची पाटी. छतातून उतरणारी ती चुरी तिन्हींतून जाते. वरची आणि खालची 'गेला' म्हणाली तर मधलीनंही म्हटलं पाहिजे. ती किती वेळा चुकते, त्यावर तिची लायकी ठरायची. पेरणीआधी तिचे बाबा थोडं बी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि किती उगवलं ते बघतात. त्यांना ही परीक्षा लगेच कळली.

"म्हंजे तुमी उगवण पाह्यता."

"हाव बाबा, तेच. फक्त आमचं बी वरून येते."

या गटाचे प्रमुख केरळचे होते. सगळे त्यांना सरच म्हणायचे. मुंबईत राहून ते मराठी शिकले होते आणि हौसेनं बोलायचे. संजीवनीची त्यांच्याशी पहिली गाठ पडली ती कॅन्टीनमध्ये. पोह्यांची थाळी पुढे करून तिनं वाढणाऱ्याला म्हटलं, "दादा, वरून जरा सांबार टाका." त्यानं डावभर गरम सांबार पोह्यांवर ओतलं. ती थाळीकडे बघत राहिली. मागे उभे असलेले सर म्हणाले, "आमच्याकडे पण असं कोणी खात नाही!" मग तिनं त्यांना सांबार म्हणजे काय ते सांगितलं. पुढे ते रोज तिला विचारायचे, "आज कोणतं सांबार? तुझं की माझं?" फोनवर हे सांगताना ती इतकी हसली होती की मलाही हसू आवरेना. त्या पोह्यांची आठवण आता आमच्या घरात कुणी काढत नाही.

सोनाळ्याच्या प्रज्वलरावांशी तिचं लग्न ठरलं. ते नवी मुंबईत लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. वडील लवकर गेले, आई सोजराबाईंनी दुसऱ्याच्या शेतात राबून त्यांना वाढवलं. लग्नात सोजराबाईंनी स्वतः सुनेचे दोन्ही हात कासारणीपुढे धरले आणि हिरवा चुडा भरून घेतला. त्यांच्याकडची रीत अशी की हा चुडा सव्वा महिना हातातून उतरवायचा नाही. यंत्र पाठवायची घाई असल्यामुळे संजीवनीला आठवड्यातच कामावर परतायचं होतं.

"तिथं काचेच्या बांगड्या चालतील का गं?" मी विचारलं.

"चालत नाईत. अंगठीसुदिक चालत नाई."

"मग काढून ठेव. विहीणबाईंना मी समजावीन."

"आई, त्यांनी नाई म्हनलं. मलेच नाई काढायच्या." ती हाताकडे बघत होती. "वर सरकवून पट्टी गुंडाळते. गुंडाळनं माहं कामच हाय."

तिनं एवढ्या वर्षांत तिथला एकही नियम मोडला नव्हता. हा पहिला.

जिथे यंत्र जोडत, त्या खोलीत धुळीचा कण चालत नसे. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, हातमोजे, तोंडावर पट्टी. सर काचेपलीकडे संगणकासमोर बसायचे आणि माइकवरून बोलणं व्हायचं. त्या दिवशी संजीवनी कोपऱ्यातल्या एका पाटीचा स्क्रू आवळत होती. जागा अरुंद, हात कोपरापर्यंत आत घालावा लागला. कोपराखाली काहीतरी टचकन झालं आणि टोचलं. हात बाहेर काढून पाहिलं तर बाहीला बारीक छिद्र, त्यातून हिरवं टोक वर आलेलं. तिनं टॉर्चच्या उजेडात पाटी बघितली. काळ्या पापुद्र्यावर केसासारखी एक रेघ वाटली. बोटानं पुसली तर दिसेनाशी झाली. तिला वाटलं, धागा असेल.

तिनं माइकचं बटण दाबलं.

"सर, बांगडी वाढली."

"काय?" सरांची नजर आकड्यांवर होती.

"बांगडी वाढली, सर."

"अरे वा! लग्नानंतर सगळं वाढतं. बांगडी, खर्च, वजन!"

काचेपलीकडे सगळे हसले. तीही हसली.

मराठी घरातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. संध्याकाळी दुकान बंद करत नाही, वाढवतो. सवाष्णीची बांगडी कधी फुटत नाही, वाढते. ज्या शब्दाची भीती वाटते त्याच्या जागी आपण उलट अर्थाचा शब्द ठेवतो आणि ऐकणारा बरोबर समजतो. सर समजले नाहीत. ते समजले नाहीत, हे संजीवनीला त्याच क्षणी समजलं होतं. 'फुटली' एवढंच म्हणायचं होतं. लग्नाला आठवडा झालेला आणि नवऱ्याच्या नावाचा चुडा हातात. तिच्या तोंडून तो शब्द निघाला नाही.

ती बाहेर आली, पोशाख बदलला आणि काचेचे सगळे तुकडे जुळवून बघितले. बांगडी पूर्ण जुळली. संध्याकाळी त्या पाटीची उजेडाची तपासणी झाली. त्यात काही सापडलं नाही. उरलेल्या बांगड्या तिनं खोलीवर जाऊन उतरवल्या आणि सासूला फोनवर सांगितलं, एक वाढली म्हणून बाकीच्याही उतरवल्या. सोजराबाई म्हणाल्या, "वाढू दे माय, दुसऱ्या भरू." त्या सगळं समजल्या.

उपग्रह वर गेला. रंगरावांनी गावात पेढे वाटले आणि ज्याला त्याला सांगितलं की आमच्या पोरीनं बांधलेल्या पुड्या वर गेल्या. यंत्र चोख चालत होतं. कोणता कण हलका, कोणता जड, हे ते अपेक्षेपेक्षा चांगलं ओळखत होतं. सरांनी फोनवर तिच्या बाबांशी बोलून सांगितलं, "तुमच्या मुलीची उगवण एकदम छान!" तो शब्द तिनंच त्यांना शिकवला होता.

पुढच्या वर्षी प्रज्वलरावांच्या पायांना सूज यायला लागली. चप्पल घट्ट होते, एवढंच ते म्हणायचे. मग जिना चढताना दम लागू लागला. तपासण्या झाल्या तेव्हा दोन्ही किडन्या जवळपास निकामी झाल्या होत्या. संग्रामपूरकडच्या खारपाणपट्ट्यात या आजाराची माणसं बरीच आहेत. सोनाळा तिकडचंच; प्रज्वलरावांचं लहानपण तिथल्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यावर गेलं. त्यामुळेच झालं का, हे डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं नाही. डायलिसिस सुरू झालं. लिफ्टचं काम सुटलं. सोजराबाईंनी आपली किडनी द्यायचं ठरवलं, ती जुळलीही. ऑपरेशन मुंबईत व्हायचं होतं आणि ते होणार होतं संजीवनीला कंत्राटाबरोबर मिळालेल्या आरोग्य कार्डावर. कंत्राट दर जूनमध्ये नवं व्हायचं, कार्डही त्याबरोबर. ऑपरेशनची तारीख पावसाळ्यातली मिळाली.

त्याच सुमारास वरच्या यंत्रात बिघाड दिसला. उपग्रह पृथ्वीच्या सावलीत असला की सगळ्या पाट्या शांत असायच्या. सावलीतून उन्हात आला की एका बाजूच्या पाट्यांपैकी एक वेड्यासारखी 'गेला, गेला' म्हणत सुटायची. परत सावलीत शिरला की गप्प. कुठून तरी ऊन आत जात होतं. वरच्या उन्हा-थंडीत काळा पापुद्रा आकसतो आणि ताणतो. आधी नसलेलं किंवा न दिसलेलं भोक त्यामुळे उघडलं असावं. पण कुठलं भोक आणि कशानं?

गटात दोन तर्क होते. एक, पापुद्राच कच्चा निघाला. तसं असेल तर आज एक पाटी गेली, उद्या सगळ्या जातील. मग आतापर्यंतच्या सगळ्याच मोजमापावर किती विश्वास ठेवायचा? दुसरा तर्क, कडा नीट चिकटवल्या गेल्या नाहीत. कडा समीक्षाच्या. तिला दोनदा बोलावून विचारलं होतं आणि तिचं पुढचं कंत्राट थांबवून ठेवलं होतं.

त्या वेळी संजीवनी रजा काढून देऊळघाटला आलेली. प्रज्वलरावांना इथली हवा सोसते का आणि बुलढाण्यात डायलिसिसची सोय लागते का, ते बघायचं होतं. सोजराबाईही बरोबर होत्या. समीक्षाचा रडत फोन आला, तो मी ऐकला. "ताई, मी दोनदा हात फिरवला होता गं कडांवर. तूच पाह्यलं होतं ना?" संजीवनी "हाव, पाह्यलं होतं" एवढंच म्हणाली. फोन ठेवला आणि मागच्या अंगणात येऊन तिनं मला आणि तिच्या बाबांना त्या बांगडीचं सांगितलं. ती यंत्रात हात असताना फुटली आणि पाटीवर रेघ दिसली, हे तोवर तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

रंगराव ठिबकच्या नळीला लागलेली माती नखानं काढत होते. मग म्हणाले, "तुले इचारलं काय कोनी?"

"उद्या इचारतीन. सगळ्यांले इचारू राह्यले."

"मंग तो काळा कागदच कच्चा होता म्हन. वर जाऊन कोन पाह्यते?"

"बाबा, कच्चा म्हनलं तं सगळ्याच पाट्या बाद धरतीन. अन् समीक्षा?"

"समीक्षाचा कोनी नाई दवाखान्यात."

मी तिला म्हटलं, सांगू नको. जून जाऊ दे, ऑपरेशन होऊ दे, मग काय सांगायचं ते सांग. मी तिची आई आहे आणि आज पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच म्हणेन. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, जूनपर्यंत ते यंत्राची ती सगळी बाजूच बंद करतीन." मला त्या बाजूचं काय करायचं होतं? माझ्या डोळ्यांपुढे खाटेवरचा माणूस होता, त्याच्या हाताच्या फुगलेल्या शिरा होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं लॅपटॉप पुढच्या खोलीत मांडला, कारण रेंज तिथेच येते. प्रज्वलराव खाटेवर पडले होते. सोजराबाई उंबऱ्याशी मेथी निवडत होत्या. मी दाराआड उभी होते. पडद्यावर चार-पाच चेहरे, मध्ये सर. त्यांचा चेहरा ओढलेला दिसत होता.

पापुद्रा कुठून कापला, किती ताणला, हे सगळं विचारून झालं. मग सरांनी विचारलं, "पाटी बसवताना काही वेगळं झालं होतं? काहीही."

संजीवनीनं एकदा प्रज्वलरावांकडे बघितलं. "सर, मी तुम्हाला तेव्हा सांगितलं होतं. बांगडी वाढली म्हणून."

"हो, आठवतं मला. लग्न झालं होतं तुझं. नवीन बांगड्या, खूप बांगड्या."

"तसं नाही सर. वाढली म्हणजे..."

ती थांबली. सोजराबाईंचा हात मेथीत तसाच राहिला. त्या सुनेकडे बघत नव्हत्या, पण ऐकत होत्या.

"वाढली म्हणजे फुटली, सर. माझी बांगडी फुटली होती. काच बाहीतून बाहेर आली होती. कोपऱ्यातल्या पाटीवर रेघ दिसली, मी पुसली. तुम्ही समजला नाहीत, ते मला तेव्हाच कळलं होतं. मी पुन्हा नाही सांगितलं."

सरांनी चष्मा काढला. मग त्यांनी फक्त विचारलं, "कोणत्या कोपऱ्यात?" तिनं कोपरा सांगितला, हात कसा घातला होता ते स्वतःचा हात वाकवून दाखवलं. त्या हातात तेव्हा काहीच नव्हतं.

लॅपटॉप बंद झाल्यावर सोजराबाई म्हणाल्या, "तवा फोनवर सांगितली, तेच का चुड्यातली?"

"हाव आत्याबाई."

"अन् फुटली म्हनायले तुही जीभ कशी वळली गं? माह्या पोराच्या समोर? वाढली म्हनली असती तं काय बिघडलं असतं?"

"वाढलीच म्हनली होती, आत्याबाई. त्यानंच बिघडलं."

खाटेवरून प्रज्वलराव म्हणाले, "माय, माह्या किडनीनं काय बांगडीले इचारलं होतं का? काहीबी बोलतं तू."

सोजराबाईंनी निवडलेली आणि न निवडलेली मेथी एकाच टोपलीत टाकली आणि बाहेर जाऊन बसल्या. संध्याकाळी प्रज्वलराव बायकोला म्हणाले, "मले तं तू तवाच सांगायचं होतं." एवढंच. त्यात राग होता का, मला कळलं नाही. अजूनही कळत नाही.

सरांच्या गटानं उपग्रह जरासा वळवून बघितला. ऊन ठरावीक अंगानं पडलं की ती पाटी जास्त ओरडायची. ते अंग त्याच कोपऱ्याचं निघालं, जिथे तिचा हात गेला होता. पापुद्रा पक्का होता, कडाही पक्क्या होत्या. त्या एका पाटीचं उन्हातलं मोजमाप बाजूला काढलं, सावलीतलं ठेवलं आणि बाकीचं सगळं जसंच्या तसं ग्राह्य धरलं. यंत्र आजही वर चालू आहे. समीक्षाचं कंत्राट नवं झालं.

संजीवनीचं झालं नाही. बंदी असलेली वस्तू आत नेली आणि नुकसान लपवलं, असं कारण कंत्राटदारानं दिलं, आणि ते कारण खोटं नव्हतं. सरांनी तिच्यासाठी शब्द टाकला होता, हे मला समीक्षाकडून कळलं. त्यांनी स्वतःही एकदा फोन केला. म्हणाले, "मी इतकी वर्षं मराठी बोलतो. हा शब्द मला कुणी सांगितलाच नाही." ती म्हणाली, "सर, तो कुणी सांगत नाही. घरात असतो."

जून संपला आणि कार्ड बंद झालं. ऑपरेशनची तारीख गेली. दुसऱ्या योजनेतून होईल, असं सांगतात. कागद फिरताहेत. मुंबईची खोली सोडून तिघंही आता आमच्याकडे राहतात, कारण इथून बुलढाण्याचा सरकारी दवाखाना जवळ आहे. एक दिवसाआड तिचे बाबा भाजीच्या गाडीतून जावयांना डायलिसिसला नेतात. जाताना गाडीत सांबाराच्या जुड्या असतात, येताना मागे पोतं अंथरून ते झोपलेले असतात. संजीवनी बुलढाण्यात एका दुकानात इन्व्हर्टर दुरुस्त करते. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी सोजराबाईंना पुन्हा तपासलं. त्यांचा रक्तदाब वाढलाय. हे वाढणं खरंखुरं वाढणं आहे. तो खाली आला नाही तर त्यांची किडनी घेता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या बिनमिठाचं जेवतात आणि मधूनमधून स्वतःलाच म्हणतात, "उतर रे बाप्पा, उतर."

सुनेशी त्या बोलतात, पण कामापुरतं. दिवाळीला मात्र त्यांनी स्वतः कासारणीला घरी बोलावलं आणि संजीवनीच्या हातात हिरव्या बांगड्या भरायला लावल्या. संजीवनी नको म्हणाली नाही. तिनं हात पुढे केला आणि दुसरीकडे बघत राहिली.

आज संध्याकाळी ती भांडी घासत होती. प्रज्वलराव आत पडले होते, आज त्यांना खूप थकवा होता. सोजराबाई ओट्याशी भाकरी थापत होत्या. कढईच्या कानाला हात आपटला आणि टचकन आवाज झाला. मी वळून पाहिलं. सोजराबाईंचा हात थांबला. माझ्या तोंडात शब्द आला होता, 'वाढली'. मी तो गिळला.

संजीवनी सरळ म्हणाली, "आई, केरसुणी दे. बांगडी फुटली."

तिनं तुकडे वेचून फरशीवर गोल जुळवले. एवढासा तुकडा कमी होता. मोरीत नव्हता, कढईत नव्हता, केरातही नव्हता. थोड्या वेळानं सोजराबाई भाकरी तव्यावर तशीच टाकून खाली बसल्या आणि पदरानं चष्मा पुसून फरशी चाचपायला लागल्या. भाकरी करपली. दोघी शेजारी-शेजारी ओणव्या होऊन शोधत होत्या. तुकडा सापडला नाही.

आता सगळे झोपलेत. आतून प्रज्वलरावांचा श्वास ऐकू येतो. मध्येच अडतो, मग पुन्हा सुरू होतो. तो अडला की माझी लेखणीही थांबते. उद्या पहाटे त्यांना न्यायचं आहे आणि चपला घालायच्या आधी ते अनवाणीच मोरीपर्यंत जातात. सूज आल्यापासून त्यांच्या तळव्यांना नीट कळत नाही. तो तुकडा अजून स्वयंपाकघरातच कुठेतरी आहे. मी पाय वर घेऊन बसले आहे, आणि ते उठायच्या आत पुन्हा एकदा केर काढणार आहे.